शुद्ध ॲल्युमिनियमची पट्टी

१ मार्च
हिच्या शेवयांच्या मशीनचं ब्रॅकेट तडकलं. ज्यावर मोटार बसते ते. ऐन सीझनच्या तोंडावर. गेल्या साली निम्म्या श्रीगोंद्याने आमच्याकडून शेवया करून नेल्या. यंदाही बायका रवा काढून वाट बघताहेत. ही म्हणाली, स्टँडजवळच्या वेल्डरकडे टाकते, तो लगेच लोखंडी पट्टी करून देईल. डोकंच फिरलं. पडवीत कॉम्प्युटरवर चालणारा, धातूही कोरणारा सीएनसी राउटर असताना वेल्डर? रिटायर झाल्यावर तो काय मी दारावरच्या पाट्या कोरायला घेतला? (आतापर्यंत लाकडी पाट्याच कोरल्या, तो भाग वेगळा.) सांगून टाकलं, परवा ब्रॅकेट हातात देतो. ॲल्युमिनियमचं.

२ मार्च
माल घरचाच आहे. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातून निघालो तेव्हा लोकांनी जुन्या पॅनेलमधली जाड पट्टी आठवण म्हणून दिली होती. वीज वाहून नेणारी, म्हणजे एकदम शुद्ध ॲल्युमिनियम. पुतण्या सचिन नगरला एमआयडीसीत मशीनवर असतो. त्याला फोन केला. सल्ला नको होता, फक्त कळवायचं होतं. तर म्हणे काका, शुद्ध नका घेऊ, मऊ असतं, कटरला चिकटतं. मिश्रधातूचा तुकडा पाठवतो, आणि कटर एका धारेचा लावा. म्हणजे माल भेसळीचा आणि कटर एका धारेचा! या पोरांना पगार कोण देतं? चार धारांचा मागवला.

६ मार्च
कटर आला. पट्टी आवळली, प्रोग्राम लावला, स्टार्ट. चहा संपायच्या आत ॲल्युमिनियम मऊ होऊन कटरच्या चारही खाचांत जाऊन बसलं. कटरची काडी झाली, किंचाळली आणि तुटली. तुकडा कानाजवळून जाऊन कॅलेंडरात रुतला. कारण उघड आहे. व्होल्टेज.

१० मार्च
दुसराही गेला. कंपनी चोर आहे. सचिन म्हणे वंगण सोडत राहा. सोडलं. घाण्याचं शेंगदाणा तेल, घरात दुसरं काही शुद्ध नव्हतं. पडवीत असा वास सुटला की शेजारचा बन्सी भजी झाली का विचारत आला. त्याला हाकलला.
संध्याकाळी कणकेत ॲल्युमिनियमचा कीस सापडला. हिने परात माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, शेवयांचं मशीन आतल्या खोलीत गोधडीखाली झाकून ठेवते. म्हटलं, ठेव. निदान एवढी तरी अक्कल घरात कुणाला आहे.

१७ मार्च
हद्द झाली. आमच्या मागच्या भिंतीला लागून राहणाऱ्या रंगुबाईने शेवयांचं मशीन आणलं! सकाळपासून घरघर. आवाजसुद्धा हुबेहूब आमच्या मशीनचा, म्हणजे मॉडेलही तेच घेतलं. नक्कल करायला काय लागतं? आमच्याच गिऱ्हाईक बायका पातेली घेऊन तिच्या दारात रांगेत. वर तिच्या मशीनने भिंत हादरते, भिंतीने माझं टेबल, टेबलाने कटर. आजचा तुटला तो तिच्यामुळे. हिला म्हटलं, जा आणि त्या बाईला समज दे. लगेच गेली. माझ्या शब्दाला घरात मान आहे, हे एक बरं.

२५ मार्च
ही रोज सकाळी रंगुबाईला समज द्यायला जाते ती दिवेलागणीला परत येते. एवढं बोलूनही ती बाई ऐकत नाही. कसल्या कातडीची असतात माणसं! परत हिचे हात पिठाने भरलेले. भांडायला आलेल्या बाईकडूनही काम करून घेतात. हिचा स्वभाव पडला गरीब.
आणखी एक कटर गेला. आता मोजत नाही.

३० मार्च
दुपारी शेवयांची खीर. गेल्या वर्षीच्या शेवया, पण काल केल्यासारख्या लागल्या. डबा घट्ट लावायचं मीच हिला शिकवलं होतं. दोन वाट्या खाल्ल्या. भिंतीपलीकडून घरघर चालूच. त्या रागात तिसरी घेतली नाही.

४ एप्रिल
नगरपालिकेत रंगुबाईविरुद्ध अर्ज द्यायचं ठरवलं. आवाज, कंपन आणि नक्कल, तीन कलमं. चपला घालत होतो तर ही दारात आडवी. अर्ज देऊ नका म्हणे. लग्नापासून पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. शत्रूचीही दया येते हिला. चपला काढल्या. आता उत्तर एकच. पट्टी पुरी करायची आणि आपलं मशीन रंगुबाईच्या नाकासमोर चालू करायचं.

११ एप्रिल
झाली! चारपैकी तीन भोकं जागेवर आहेत. चौथं जागेच्या जवळ. एक कडा कुरतडल्यासारखी दिसते, पण ती खालच्या बाजूला जाईल. शुद्ध ॲल्युमिनियम आहे, हातात घेतलं की कळतं.
ही नेहमीप्रमाणे समज द्यायला गेलेली. आल्यावर चकित करू म्हणून पाना घेऊन आतल्या खोलीत गेलो, गोधडी ओढली. खाली जुना कूलर.
तसाच रंगुबाईकडे. पट्टी हातात, पाना हातात. ओसरीवर आमचं मशीन. त्यावर लोखंडी पट्टी, वेल्डिंगच्या गाठी दिसणारी. समोर ही, कोपरापर्यंत पीठ. सगळ्या बायकांनी आपापली पातेली जवळ ओढली.
मला का सांगितलं नाही, म्हणून विचारलं.
"सांगनार हुते. पन तुमी रागात हुता."
कधी, म्हटलं.
"रोजच."
रंगुबाईने पाट सरकवला, चहा ठेवू का विचारलं. मी महिनाभर तिला काय काय बोललो, ते भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात असणार. आवाज जसा इकडे येतो तसा तिकडेही जातो, हे सुचलंच नव्हतं. लाज वाटली. लाजेचाही राग आला. पट्टी हिच्या पुढ्यात टाकून घरी आलो.

१२ एप्रिल
पट्टी वापरात आली आहे. नोंद असावी म्हणून लिहितो.
रंगुबाईच्या गच्चीवर धोतरावर शेवया वाळत घातल्यात. आमच्या गच्चीवरून दिसतात. तीन कोपऱ्यांवर दगड, चौथ्यावर माझी पट्टी. हिने मुद्दाम आणून ठेवली. माझ्याकडे बघून हातही केला.
दुपारी वारा सुटला. शुद्ध ॲल्युमिनियम फार हलकं असतं. तोच कोपरा उडाला.
हिने शेवया गोळा केल्या, पट्टी पुन्हा जागेवर ठेवली आणि तिच्यावर एक दगड ठेवला.