वर चढण्याआधीचा घोट

४ फेब्रुवारी १९६०, दुर्ग
आज पोलाद कारखान्याच्या मजुरांच्या कॅम्प-१ मध्ये दारूच्या सर्व्हेचे नऊ फॉर्म. नऊही पोरं म्हणाली, "दारू? छे बाई!" आणि त्यातल्या तिघांच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास. नागपूरच्या सरांनी प्रश्न छापून दिलाय: मद्यपान करता का, हो किंवा नाही. खुर्चीत बसून प्रश्न काढायला यांचं काय जातं! उद्यापासून माझ्या पद्धतीने विचारणार. काल ड्यूटी सुटल्यावर काय केलं, कोणासोबत बसला, मग जेवला का.

जेवताना मामी: "पोरीच्या जातीनं दारुड्याइच्या झोपड्या कावून हिंडाव्या? तुह्या मामाले स्टेशनात लोक विचारून राहिले." मामा रेल्वेत गार्ड. अख्खी गाडी सांभाळतात, पण मामीपुढे ब्र नाही. वरणात डोकं घालून बसले.

९ फेब्रु.
पद्धत लागू पडली. पोरं बोलतात. सतरा ते बावीसची, गावाकडून एकेकटी आलेली.

आज तुळशीराम. एकोणीस वर्षांचा, भंडाऱ्याकडचा. ठेकेदाराकडे खलाशी आहे, म्हणजे शेडच्या लोखंडी सांगाड्यावर चढून गर्डर जोडायचे. आधी विचारलं, "नाव लिहान का?" म्हटलं, नाव कुठंच नाही. मग मोकळा झाला. सकाळी वर चढण्याआधी एक ग्लास मोहाची. दिवाळीत त्याचा जोडीदार वरून पडला, याच्या डोळ्यांदेखत. "तवापासून पाय लटलट कापते बाई. एक घोट घेतला का पाय माह्यं ऐकते."

फॉर्मवर कारणं तीनच: करमणूक, संगत, सवय. याला कुठे बसवू? समासात 'भीती' लिहिलं.

मग जे करायचं नसतं तेच केलं. सल्ला दिला. म्हटलं, आठवडाभर न घेता चढून बघ. सर कंठशोष करून सांगतात की आपण विचारायचं, शिकवायचं नाही. पण त्याचं तोंड बघून राहवलं नाही.

१५ फेब्रु.
शेडवर अपघात. वरून लोखंडी पाना पडला, खाली वेल्डिंग करणाऱ्या चैतूच्या खांद्याचं हाड मोडलं. डोक्यावर पडता तर...
पाना तुळशीरामच्या हातून सुटला. प्यायला असणार, असं जो तो म्हणतोय. मीही तेच धरलं. फार संताप आला. एवढं सांगितलं होतं!

१८ फेब्रु.
ठेकेदाराचा लेबर ऑफिसर सर्व्हेच्या खोलीत आला. मुद्दाम चहा मागवला, गोड बोलला. अपघाताच्या चौकशीसाठी फॉर्म बघायचेत म्हणे. "बहनजी, नाम नहीं चाहिए. नंबर काफी है."

प्रत्येक फॉर्मवर मी टोकन नंबर घेतलाय. एकाच नावाची चारचार पोरं, सहा महिन्यांनी पुन्हा भेटायचं तर ओळखणार कशी, म्हणून. फार हुशारी वाटली होती तेव्हा. इथे गेटवर, हजेरीला, पगाराला, सगळीकडे माणूस त्याच्या पितळी टोकनावरूनच ओळखतात. नावाने हाक मारतं कोण? मी म्हणत राहिले नाव लिहीत नाही, नाव लिहीत नाही, आणि पोरं बिचारी खिशातून टोकन काढून दाखवत राहिली. अक्कल गहाण ठेवली होती मी.

सरांना विचारून सांगते म्हटलं. त्याला घालवला एकदाचा.

२२ फेब्रु.
सरांचं पत्र. "त्यांना सहकार्य करावे. त्यांच्या परवानगीनेच आपण तेथे आहोत." दोन ओळी. खाली सही, लफ्फेदार.

दार लावून बसले आणि एकूण एक फॉर्मवरचे नंबर शाईने काळे केले. एकट्या तुळशीरामचाच केला असता तर हात दाखवून अवलक्षण. बोटं अजून निळी आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा भेटणं आता विसरा. म्हणजे अर्धा सर्व्हे गेला. सरांना काय कळवायचं ते उद्या बघू.

२३ फेब्रु.
ऑफिसरने फॉर्म चाळले. आज चहा नाही. "ठीक है. फिर आप खुद आकर बताइए." शनिवारी दहाला चौकशी. तुळशीराम पितो का, हे मी तोंडाने सांगायचं. आ बैल मला मार, दुसरं काय.

२५ फेब्रु.
तुळशीरामला गाठलं. खोलीबाहेर बसून तांदूळ निवडत होता. काम बंद आहे त्याचं.
विचारलं, "त्या दिवशी किती घेतली होतीस?"
"थेंब नाई बाई. तुमीच तं म्हटलं होतं. पाच दिवस झाले होते."

तिथेच पायरीवर बसले.

पाच दिवस तो शुद्धीत वर चढला. पाय कापत होते. सोमवारी हातही कापायला लागले आणि पाना निसटला. म्हणजे तो पाना माझाच. ऑफिसरचा नाही, मोहाचा नाही, माझा. दहा दिवस मी त्याला मनात शिव्या घालत होते.

म्हटलं, शनिवारी मी सगळं खरं सांगते. एकदम घाबरला. "नोका बाई, हात जोडतो. पेलो होतो म्हणूनच सांगा. भेव लागते म्हणून नोका सांगू."
"अरे, काढून टाकतील तुला!"
"दारूसाठी आठ दिवस बसवते, मंग घेते परत. भेणाऱ्या खलाशाले सरळ गावाले धाडते. अन् गँगमधले? मले बायल्या म्हणतीन."

मी उठायला लागले तसा म्हणाला, "आता रोज घेऊनच चढीन. तुमी कायजी नोका करू."

२६ फेब्रु.
मामांना सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या कंदिलाची काच पुसून ठेवली. मग: "आमच्यातबी नजर अधू झालेला ड्रायव्हर नोकरीपायी चष्मा लपवते, नलू."
मी विचारलं, "मग गाडीतल्या लोकांचं काय?"
मामा म्हणाले, "तेच तं."

सर्व्हेला निघाले तेव्हा वाटलं होतं, दारू कोण पितं एवढं शोधायचं आणि लिहायचं. कोणी पिऊ नये असंच वाटत होतं. आज मला तो प्यायला होता असंही सांगायला नको आणि शुद्धीत होता असं तर नकोच.

२७ फेब्रु., शनिवार, पावणेदहा, ठेकेदाराच्या ऑफिसबाहेर
बाकावर बसून लिहितेय. तुळशीराम समोर उभा. अंघोळ करून, केस चापून आलाय. माझ्याकडे बघत नाही.

माझ्या शेजारी चैतू, हात गळ्यात बांधलेला. पाना लागलेला चैतू हाच, हे मला त्याने सांगितल्यावर कळलं. राग नाही त्याला, तेच जास्त लागलं. हाड जुळलं की पुन्हा त्याच शेडखाली बसायचंय म्हणाला, दुसरीकडे जागा नाही.

मग तुळशीरामकडे मान करून हळूच विचारलं, "दीदी, ये लइका फिर ऊपर चढ़ेगा क्या?"

आतून माझं नाव पुकारताहेत. चैतू अजून माझ्या तोंडाकडे बघतोय.