मूळ जागी की नव्या जागी?

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! एवढे महिने घरात बसून काढल्यावर आज सकाळी पुन्हा बूट पायात चढवले. बाबा गॅलरीत उभे राहून मी वळेपर्यंत हात हलवत होते, जसं काही मी पहिलीत चाललेय.

जागा म्हणजे दात बनवायची लॅब. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं स्कॅन पाठवतात, इथे कवळ्या आणि कॅप तयार होतात. माणसं मोजकीच. केबिनमध्ये साहेब, टेबलाशी कवळ्या घडवणारे काका आणि दाराशी फोन-पार्सल सांभाळणारी ताई. आता कॉम्प्युटर बघायला मी. जिकडे तिकडे प्लास्टरची पांढरी पूड, काकांच्या मिशीतसुद्धा.

एक गंमत. इथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाचा जबडा स्कॅन करून मशीनमध्ये ठेवतात. पडद्यावर तिघांचेही जबडे गोल फिरताना पाहिले. साहेबांची एक दाढ सोन्याची आहे! माझा राहिला, स्कॅनरची कांडी चार्ज नव्हती. काका म्हणाले, करू सावकाश, तुझे दात काय पळून चाललेत का.

गुरुवार, ६ तारीख

सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीतलं एक धापा टाकणारं खोकं. त्याच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन चालतं. हाताला काही लागत नाही, नुसती एक भलीमोठी फाइल, पण वागते वेगळ्या कॉम्प्युटरसारखी. लॅबचं सगळं त्या फाइलमध्ये: ऑर्डरी, स्कॅन, त्या तिघांची माहिती. माझ्याआधीच्या माणसाने पासवर्ड कुठे ठेवलेत देव जाणे. अर्धा दिवस त्यात गेला.

रोज संध्याकाळी बॅकअप होतो. पण त्यातून मशीन परत उभं राहतं का, हे आजवर कोणी तपासलेलंच नाही. साहेबांना म्हटलं, एकदा करून बघू या. ते म्हणाले, चाललंय ना, मग कशाला हात लावायचा. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

गुरुवार, १३ तारीख

मंगळवारी रात्री काकांच्या लेकीला मुलगी झाली. काल त्यांनी चॉकलेटं वाटली. फोटो दिसेल त्याला दाखवत होते, पार्सलवाल्यालाही सोडलं नाही. माझ्या फोनवरही पाठवला.

आज दुपारी मशीन मेलं. पडदा निळा, ऑर्डरी बंद, साहेब डोक्यावर उभे. बॅकअपच्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस प्रत्येक वाक्यानंतर तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर विचारतो. मी त्याचं नाव तिकीटवाला ठेवलंय. तो म्हणाला, कालचा बॅकअप तपासलेला नाही, सोमवारचा खात्रीचा, तोच घ्या.

मग त्या स्क्रीनचे प्रश्न. मूळ जागी ठेवायचं की नव्या? जुनं पुसायचं की राहू द्यायचं? झाल्यावर लगेच चालू करायचं? कशाचा काय परिणाम, ते कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी मूळ जागी, जुनं पुसून, लगेच चालू. संध्याकाळी मशीन उभं राहिलं. कोणी आभार मानले असते तर बिघडलं नसतं.

शुक्रवार, १४ तारीख

आज सगळ्यांनी मिळून माझी फिरकी घ्यायचं ठरवलेलं दिसतंय. ताईने दारातच सांगितलं, आज मंगळवार, मोठ्या डॉक्टरांचं पार्सल जायचंय. ते तर केव्हाच गेलं! साहेबांनी मंगळवारी मला ज्यावरून झापलं होतं, त्यावरून पुन्हा झापलं, त्याच शब्दांत.

काकांना विचारलं, बाळ कसं आहे. म्हणाले, अगं अजून कुठे, आज-उद्या होईल. मी त्यांनीच पाठवलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि कौतुकाने विचारलं, गोड आहे गं, कोणाचं?

थट्टेलाही काही मर्यादा असते. मी रागाने दिवसभर जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसले. संध्याकाळी ते कांडी घेऊन माझी समजूत काढायला आले. चल, तुझा जबडा राहिलाय ना. मी तोंड उघडलं.

शनिवार, १५ तारीख

थट्टा नाही.

काकांच्या लेकीचा फोन आला, मीच उचलला. ती रडत होती. बाबा बाळाला बघायला का येत नाहीत? मंगळवारी तर रात्रभर दवाखान्यात बाकावर बसून होते. काकांच्या हातात फोन दिला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा त्या प्लास्टरसारखा झाला. फोन ठेवून ते मला म्हणाले, माझं डोकं गेलंय का गं?

तिघांचेही मंगळवार, बुधवार, गुरुवार गेलेत. माझे नाही. मी सोडून सगळे त्या मशीनमध्ये होते. हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण दुसरं काही सुचत नाही.

साहेबांना एवढंच पडलंय की अडीच दिवसांच्या ऑर्डरी गेल्या. तिकीटवाला म्हणाला, सोपं आहे, बुधवारचा बॅकअप नव्या जागी उभा करा, जुन्याला धक्का न लावता, आणि हवं ते काढून घ्या. मला ऑर्डरींचं सोयरसुतक नव्हतं. बुधवारच्या काकांना नात ठाऊक होती. लगेच बसले. नवी जागा, जुनं राहू द्या. स्क्रीनवरच्या बाकीच्या खुणा आधीच केलेल्या होत्या, तशाच राहू दिल्या. माझे बाबा घरी जेवायचे थांबले होते.

सोमवार, १७ तारीख

काका टेबलाशी प्लास्टर कालवत होते. तेवढ्यात दार उघडून काका आत आले. गुणगुणत, फोनवरचा नातीचा फोटो माझ्यापुढे धरून.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आलेले काका बोलू लागले तसे टेबलापाशी बसलेले जागच्या जागी थिजले. हातातल्या पळीवरून प्लास्टर गळत राहिलं. मग ते हलले आणि दारातले थिजले, तोंड उघडं.

ताई दोन. साहेब दोन, एक केबिनमध्ये, एक जिन्यावर.

पळत जाऊन तिकीटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ओळख तीच ठेवलीत का, मॅडम? नवी द्यायची असते. एका ओळखीची दोन मशीनं नेटवर्कच्या जाळ्यावर आली की एक बोलतं, दुसरं गप्प पडतं. मी ओरडले, अहो, माणसं! इथे माणसं दोन-दोन झालीत! तो म्हणाला, शांत व्हा, तिकीट नंबर सांगा.

नवं मशीन बंद केलं. कोणीच गेलं नाही. दारातून आलेले काका आता नुसते उभे आहेत. पापणी लवत नाही. हात लावला. गरम आहेत.

मंगळवार, १८ तारीख

बाबा म्हणाले, जाऊ नकोस. दुसरी मिळेल नोकरी. पण काका तिथे तसेच—

आल्यावर पाहिलं, साहेबांनीच तिकीटवाल्याला परस्पर फोन केलाय. तो लांबून आमचं मशीन चालवतोय. माऊसचा बाण आपोआप सरकतोय. त्याचं म्हणणं, या महिन्याचे सगळे बॅकअप गढूळ झालेत, गेल्या महिनाअखेरचा स्वच्छ आहे. मूळ जागी. जुनं पुसून.

मी या महिन्यात आले. आणि शुक्रवारी तोंड उघडलं, म्हणजे आता मीही मशीनमध्ये.

फोन केला. सांगितलं, थांबवा, त्या बॅकअपमध्ये मी नाही. तो म्हणाला, युजर नंतर पुन्हा टाकता येतो, मॅडम.

दुपार

पडद्यावरची पट्टी भरत चाललीय. त्याचं कनेक्शन तोडलं, तरी चालूच. आता वीजच राहिली. सर्व्हरची वायर हातात धरून बसलेय.

वर जाऊन आले. थिजून उभे असलेले दुसरे आता नाहीत. काका एकच, पण हात कोपरापासून पुढे अजून— ताई वाक्याच्या मधे—

आत्ता वायर ओढली तर ते तसेच अर्धवट राहतील.

काकांच्या लेकीला निरोप पाठवला. तुमचे बाबा येतील. त्यांना काही आठवणार नाही. रागावू नका, पहिल्यापासून सांगा.

नाही ओढत.

ताई खाली आली. अख्खी. हसून म्हणाली, कोणाला भेटायचंय तुम्हाला? वरून काकांच्या मशीनचा आवाज येतोय. घासतायत काहीतरी. बरं वाटलं. का बरं वाटलं ते

खोली छोटी आहे. खोकं गरम आहे. मी इथे कशासाठी—

हातातली वायर कसली

अक्षर माझंच असावं. पेन माझ्या हातात आहे म्हणून

फोन वाजतोय. पडद्यावर लिहिलंय 'बाबा'. कोणाचे