गुरुवारची टेस्ट

अण्णा, आज चाकणच्या एका कारखान्यात मी चालू सर्व्हरचा मेन स्विच पाडायला सांगितला आणि स्वतः मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. गुरुवार होता, आठवड्याच्या सुट्टीमुळे उत्पादनाची लाइन बंद होती, नुकसान व्हायचं काही नव्हतं. तिथले मॅनेजर सकाळपासून कुरकुरत होते, "मॅडम, नीट चाललंय ते बंद कशाला करताय?" मेंटेनन्सच्या भाऊंनी दोनदा विचारलं, "पाडू का? बघा हं, पाडतोय." मी नुसती मान हलवली. खटका पडला, एका बाजूचे दिवे गेले, आणि सर्व्हर दुसऱ्या बाजूच्या विजेवर जसाच्या तसा चालत राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले आणि हमसून हमसून रडले. आता घरी आले आहे, चहा झाला आहे, आणि तुम्हाला लिहायला बसले आहे.

माझं काम तुम्हाला पहिल्यांदा समजावलं तो दिवसही गुरुवारच होता. आई जाऊन वर्ष झालं होतं. संत तुकाराम नगरच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तुम्ही भजी तळताय, गळ्यात टॉवेल, आणि मी ओट्यावर माझा पहिला मोठा आराखडा पसरून बसले आहे. काहीही बिघडलं तरी बंद पडणार नाही अशी यंत्रणा! दोन सर्व्हर, प्रत्येकाला दोन पॉवर सप्लाय, त्यांना दोन यूपीएस, आणि एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहावी म्हणून जादा डिस्का. मी तर हवेतच होते. तुम्ही झारा तसाच हातात धरून कागदावर वाकलात. तेलाचा एक थेंब पडला, त्यावरून मी करवादले. तुमचं लक्षच नव्हतं.

"ह्या दोन्ही यूपीएसला करंट कुठून येतंय?"

"पॅनेलमधून."

"एकाच?"

"हो, एकच पॅनेल आहे तिथे."

"मग दोन कसं काय म्हणायलीस? एकच हाय की हे. पॅनेल गेलं की दोन्ही गेले." मग डिस्का एकाच खोक्यातून आल्यात का, हेही तुम्ही विचारलंत. हो म्हटल्यावर कढईकडे बोट दाखवलंत. "हा एक घाणा हाय. करपला तर समदाच करपंल. थोड्या दुसरीकडून घे."

तीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला माणूस. कागदावर तुमचा कधी विश्वास बसला नाही. जनरेटर आहे असं कुणी म्हटलं की तुम्ही म्हणायचात, मेन पाडून दाखव. दर गुरुवारी लाइन बंद असताना मुद्दाम पाडून बघायचात, आणि साहेबांची बोलणी खायचात. मी त्या आराखड्यात तुमच्या दोन्ही दुरुस्त्या केल्या, ऑफिसात शाबासकी मिळवली, आणि तुमचं नाव मात्र कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग तुमच्या छातीचं दुखणं निघालं. दादा आणि मी, दोघंही हिंजवडीत नोकरीला, दोघंही पिंपळे गुरवला राहायला. तुम्ही घर सोडायला तयार नव्हता, म्हणून मी तुमच्यासाठीही आराखडा केला. पहिला फोन मला, मी उचलला नाही तर दादाला, चाव्या दोघांकडे. कागद फ्रिजवर चिकटवला. तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "एक चावी शेजारच्या भाभींकडं देऊ. त्यांच्या मियाँचं गॅरेज खालीच हाय, धा मिनिटांत दवाखान्यात टाकतील मला." मला ते लागलं. दोन दोन पोटची मुलं असताना पहिला फोन शेजारी? लोक काय म्हणतील, असंही मी म्हणाले.

पण तुम्ही कुठले ऐकताय! पुढच्या सोमवारी भरदुपारी तुमचा फोन आला, आधी मला, मग दादाला. "छातीत दुखायलंय, या." आम्ही आपापल्या ऑफिसातून जीव मुठीत धरून निघालो आणि एकाच जाममध्ये अडकलो. माझ्या कॅबच्या चार गाड्या पुढे दादाची गाडी दिसत होती, आणि दोघांनाही हलता येत नव्हतं. जिना चढून आलो तर तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलेले, हातात घड्याळ. "एक तास पन्नास मिनिटं," म्हणालात. "दोघं बी एकाच रस्त्यानं येता. हे चालायचं नाही लेकरा. चावी भाभींकडं देतो."

मी तुम्हाला काय काय बोलले, ते सगळ्या मजल्याने ऐकलं. भाभी दार उघडून बाहेर आल्या, "बेटी, गुस्सा मत कर, बाबा है तेरा," म्हणाल्या, तर मी त्यांनाही झिडकारलं. तुमचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली की असली टेस्ट पुन्हा करणार नाही, आणि चावी कुणाला देणार नाही. तुम्ही घेतलीत. माझ्यासमोर तुम्ही एवढे लहान कधीच दिसला नव्हता. तो चेहरा मला अजून झोपू देत नाही.

तुम्ही शपथ पाळलीत, अण्णा. सहा महिन्यांनी, बुधवारी, साडेचारच्या सुमारास फोन आला तो मलाच. भाभी भिंतीपलीकडे होत्या, आणि तुम्ही फोन केलात मला.

"कामात हायस का?"

"मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"जरा जड वाटायलंय."

"अण्णा, पुन्हा टेस्ट का?"

तुम्ही हसल्यासारखं केलंत. "तसंच समज. उरकून ये तुझं, घाई न्हाई."

निघताना मी दादाला फोन केला. आम्ही दोघं पोहोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वी आणलं असतं तर कदाचित. भाभी माझ्या गळ्यात पडून रडल्या, चावीचा एक शब्दही काढला नाही. अजून ईदला शीरखुर्मा पाठवतात. तो खाताना मला त्यांच्याकडे बघवत नाही.

हे मी कागदावर लिहिते आहे, कारण ऑफिसच्या सवयीने मी संगणकावरच्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवते, आणि याची मला दुसरी प्रत नको आहे. पत्ता नाही, पाकीट नाही. लिहून झालं की फाडीन बहुतेक.

तेवढं एक राहिलं. त्या दिवशीच्या उशिराचं कारण सगळ्यांना मी ट्रॅफिक सांगितलं. दादालाही तेच सांगितलं, आणि तो अजून त्या रस्त्याला शिव्या देतो. ट्रॅफिक होता, खोटं नाही. पण अण्णा, तुमचा फोन ठेवल्यावर मी चाळीस मिनिटं ऑफिसातच होते. एका गिऱ्हाइकाच्या यादीत दुसरा यूपीएस कोणता घ्यायचा ते ठरायचं होतं, ते ठरवून मगच मी उठले.