दादाचं एक मत

८ डिसेंबर, सकाळी ९
रामराव मत मागायले आला. मायचे पाय धरले. मले हात जोडले. शेजारची तानुबाई चपला शोधून राह्यली होती, तिलेबी नमस्कार घातला. बाजेवर बसलेल्या राजकुमारदादाले मात्र काहीच नाही. मी म्हटलं, दादाचंबी मत हाये. तर हसला. म्हणे, त्याले बिचाऱ्याले काय समजते बे!
दादा चौतीसचा. वाचता येत नाही, नवीन गोष्ट समजायले वेळ लागते. पण दोन म्हशींचं दूध रोज डेअरीत तोच नेते.
रामराव, तू संपला. तू सरपंच झाला तर मिशी काढीन. कोणाची, ते मंग ठरवू.

९ डिसेंबर
बदल्याचा प्लॅन फायनल. रामरावची छत्री पाडायची, त्याच्या विरोधात उभ्या महादेवरावची कपबशी निवडून आणायची. तेबी दादाच्याच मतानं. महादेवरावले फोन करून सपोर्ट जाहीर केला. म्हणे, कोण बोलते? घाईत असन.

१० डिसेंबर
दादाची ट्रेनिंग सुरू. वहीत कपबशी काढून दाखवली. म्हणे, चहा ठेवू का? म्हणजे चिन्ह ओळखलं! प्रोग्रेस.
मत गुप्त असते, हेबी शिकवलं. म्हणे, तुलेबी नाही सांगायचं? म्हटलं, कोणालेच नाही. लोकशाही शिकवायले पेशन्स लागते.

११ डिसेंबर
निकालापर्यंत दाढी बंद. रामरावच्या पोस्टवर जळजळीत कमेंट टाकली. दोन लाईक. त्यातला एक माह्याच दुसऱ्या नंबरचा.
दादा उशिरा घरी आला. कुठी होता विचारलं, तर म्हणे काम होतं. याले कायचं काम?

१४ डिसेंबर, मतदान
दादासंगं मशीनपर्यंत जायचा प्लॅन होता. केंद्रावरच्या मॅडमनं दादालेच विचारलं, एकटे जाता का? म्हणे, हाव. गेला. बीप वाजला. शाईचं बोट वर करून बाहेर आला.
माह्यं नाव यादीत नाही. तीनदा पाह्यलं. षड्‌यंत्र. कोणाचं, ते उघड हाये.

दुपारी ४.३०
आठवलं. पुण्याले रूमवर होतो तवा मीच ऑनलाईन फॉर्म भरून नाव तिकडं नेलं होतं. तरी रामरावचीच चूक. मत मागतानी यादी पाहावी ना.

१५ डिसेंबर, निकाल
रामराव एका मतानं आला. माह्यं मत असतं तर बरोबरी, मंग चिठ्ठी.
दादाले विचारलं, कपबशीच दाबली ना? म्हणे, गुप्त असते.
मंग मायनं सांगितलं. अकरा तारखेले दादा दोघांच्याबी घरी गेला होता. डेअरीजवळच्या खांबाले लाईट नाही, तिथं तो दोनदा कॅनसकट पडला. दोघांलेबी एकच विचारलं, लाईट कधी लावता? महादेवराव म्हणे, तुह्या भावाले पाठव. रामराव पहिले हसला. दादा जागचा हलला नाही. मंग त्यानं खुर्ची दिली, हात जोडून मत मागितलं, अन् दादासंगं खांब पाहाले गेला.
मायले म्हटलं, मले काऊन नाही सांगितलं? म्हणे, तू त्याले इचारलं काय कधी, कोणाले देतं म्हून?

१६ डिसेंबर
मिशी काढली. माह्यीच.
दादा पाहून लय हसला. म्हणे, यादीत नाव टाकायले मी येतो तुह्यासंगं, तुले एकट्याले नाही जमत. पण फोटो लागते. पहिले मिशी येऊ दे.