वयाची अट

सर, माझा उजवा गुडघा झिजला आहे. काल अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडं धरून तसं सांगितलं. चालायला हरकत नाही, उड्या मारायच्या नाहीत. म्हणजे माझं व्हॉलीबॉल संपलं. वर्तमानपत्रात आयुष्य गेल्यामुळे ताजं आधी लिहायची सवय लागली आहे. तुम्हाला सांगायचं आहे ते मात्र तीस वर्षांपूर्वीचं.

मी त्रेपन्न वर्षांचा, आणि संध्याकाळी ज्यांच्याबरोबर खेळतो त्यांतला कोणी तिशीचाही नाही. एकाचं एसटीडी बूथ आहे, एक घरोघर केबल ओढतो, एक गॅरेजमध्ये मिस्तरी आहे. डॉक्टरांचं म्हणणं मी ग्राउंडवरच सांगितलं. मिस्तरी म्हणाला, "चाचा, ह्ये आमाला दोन वर्षांपासून माहीत हाय. तुमी उडी मारली की नुसता चष्मा वर जातो."

"मग डॉक्टरला फी कावून दिली?" बूथवाला म्हणाला. "आमी एका चहावर सांगितलं असतं."

सगळे हसले. मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. घरी येताना तुमची आठवण झाली आणि ते हसू टिकलं नाही.

तुम्ही तेव्हा पन्नाशीचे. शाळा सुटली की आम्हा गावातल्या पोरांत खेळायला यायचात. पडलात तर उठता उठता स्वतःच ओरडायचात, "म्हातारा पडला, पॉइंट कोणाला?" त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत तुम्ही संघात नकोत, असं सगळ्यांचं ठरलं. मी कॅप्टन, म्हणून सांगायचं माझ्याकडं आलं. तुम्ही नेटची दोरी खांबाला आवळताय. मी तुमच्या पाठीमागं उभा राहून म्हणतो, "सर, यंदा वयाची अट हाय. चाळिशीच्या वर चालत न्हाई." तुमचे हात थांबतात. "आसं व्हय," तुम्ही म्हणता, "बरं." आणि दुसऱ्या खांबाकडं जाता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर फळा लावलेला होता. स्पर्धेचे सगळे नियम त्यावर तुमच्याच अक्षरात होते. आयोजकांनी आठवडाभर आधी तुमच्याकडून लिहून घेतले होते. वयाचा नियम त्यांत नव्हता. कोणीतरी तुम्हाला विचारलं, "सर, आज खेळत न्हाई?" मी शेजारीच उभा होतो. "वय झालं न्हवं," तुम्ही म्हणालात, माझ्याकडं न बघता. आम्ही जिंकलो तेव्हा टाळ्याही वाजवल्यात. त्यानंतर संध्याकाळी ग्राउंडवर कधी आला नाहीत, आणि मीही बोलवायला गेलो नाही.

तुम्ही गेलात त्याची बातमी मीच लिहिली. पान छपाईला जायची वेळ झाली होती. "अखेरपर्यंत मैदानाशी नातं राखलं," असं त्यात लिहिलं. ते तोडणारा कोण, हे तालुक्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

या पोरांनी मला तोंडावर म्हातारा म्हटलं आणि दुसऱ्याच मिनिटाला हातात पंचाची शिट्टी दिली. तुम्हालाही एवढंच हवं होतं. खरं सांगितलं असतं तर तुम्हीच आमच्याआधी हसला असता.

रविवारी धर्मापुरीच्या संघाशी सामना आहे, मी पंच. मिस्तरी सकाळी सातला मोटारसायकल घेऊन येईल. हे पत्र तर कुठं टाकता येणार नाही, म्हणून वाटेत त्याला तरी सगळं सांगायचं असं ठरवलं आहे. पण त्याच्या गाडीचा आवाज लई मोठा आहे, मागं बसलेल्याचं पुढं ऐकू जात नाही, आणि त्या आवाजाचाच मला आत्तापासून आधार वाटतो आहे.