पुलाजवळच्या दगडावर माझं नाव

२ डिसेंबर १९५७
आजपासून रोज लिहायचं. वही कोणाला दाखवायची नाही. पुढे कोणाला सापडली तर गोष्ट वेगळी.
जंगलातून लाकूड आणणारी छोटी रेल्वे बंद झाली, रूळ उचलले, पण नाल्यावरचा दगडी पूल उभाच आहे. त्याच्याभोवती सार्वजनिक बाग करायची कल्पना माझी. सरपंचांनी आधी सुचवली होती, पण सहज. कमिटीचा सेक्रेटरी मीच. उद्घाटन २६ जानेवारीला, तहसीलदारसाहेबांच्या हस्ते.

९ डिसेंबर
पहाटे पाचला देखरेखीला जायचा संकल्प. साडेआठला पोचलो. बागकामाला ठेवलेल्या इतवारीने तोवर झेंडूचे वाफे पुरे केले होते. माणूस कामाला चांगला, बोलत नाही. देखरेखीचा परिणाम.

१८ डिसेंबर
पुलाच्या तोंडाशी झुडपात पुरुषभर उंच उभा दगड सापडला! भोवतालचं गवत मात्र कोणीतरी काढलेलं. पूल बांधताना इंग्रज इंजिनिअरने खुणेला रोवलेला, हे माझं संशोधन. इतवारीला समजावून सांगितलं. त्याला काय कळणार!

५ जानेवारी १९५८
बागेला नावाचा दगड हवा. नवा घडवायला महिना जाईल. हा तयारच आहे. स्वतःचं नाव घालायला संकोच वाटला. अर्धा तास वाटला.
इतवारीला चुना लावायला सांगितलं. तो बादली खाली ठेवून म्हणाला, मास्तर, दुसरा दगड आणून देऊ काय? म्हटलं, आळस नको. त्याने लावला. वर मी स्वतः लाल रंगात लिहिलं : ‘कल्पना व परिश्रम – वा. पां. गुरनुले, हेडमास्तर’.

२० जानेवारी
भाषण पाठ. तीन पानं. हिने ऐकून विचारलं, यात इतवारीचं नाव कुठी आहे? म्हटलं, शेवटच्या ‘इत्यादी’मध्ये.

२६ जानेवारी, संध्याकाळ
लिहू नये असं वाटतं. लिहितो.
भाषण इंग्रज इंजिनिअरपर्यंत आलं होतं. तेवढ्यात इतवारीची म्हातारी आई मंगली आली, सोबत भामरागडकडचा तिचा भाचा डोमा. मंगली सरळ दगडापुढे बसली. तांदूळ ठेवले, मोहाची दारू थेंब थेंब जमिनीवर सोडली. डोमा चौथी शिकलेला. त्याने माझं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मलाच विचारलं, हे गुरनुले मास्तर कवा मेले जी?
त्यांच्याकडे असा दगड मेलेल्या माणसासाठी उभा करतात.
तहसीलदार हसले. मग सगळे हसले. इतवारी हसला नाही. त्याचा बाप कोलू तिकडून पुलाच्या कामाला आला आणि याच पुलाच्या दगडाखाली दबून मेला. हा उभा दगड त्याच्या नावाचा. गवत दरवर्षी इतवारीच काढतो. आणि चुना मी त्याच्याच हातून लावून घेतला.

२७ जानेवारी
डोकं दुखतं म्हणून शाळेत कळवलं. दुखत नाही. तोंड दाखवायची शरम वाटते.
दुपारी चाकू घेऊन नाव खरवडायला गेलो. कोणी पाहत नाही ना, ते आधी पाहिलं. इतवारी झेंडूला पाणी देत होता. विचारलं, तू आधी काऊन नाही सांगितलं? म्हणाला, तुमी सांगून राह्यले होते मास्तर, इचारून कुठी राह्यले?
मग त्याने माझ्या हातातला चाकू काढून घेतला. बापाला ओरखडे पडतील म्हणून. म्हणाला, राहू द्या, एका पावसात धुवून जाईन.
घरी येऊन बसलो आहे. नाव एका पावसात जाणार, हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. कालच्यापेक्षा त्याचीच शरम जास्त वाटते.