सांता भियाविना सकाळ

धार, २८ नोव्हेंबर

चि. मेधा हिस दुर्गाआजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी काय घालायचं यावर इथे पाव घंटा गेला. अल्पनाचं पेन 'चि.'पाशी येऊन अडकलं. मागल्या वर्षीपर्यंत लिहायची ते 'सौ.' तिला आता लिहवेना, आणि माझ्या नावामागे लागलेलं विधवेचं 'गं. भा.' एकोणतीस वर्षांच्या पोरीला मी लावू देणार नाही असं सांगितलं. शेवटी 'चि.'पुढे नुसतंच नाव ठेवलं. नाव चांगलं आहे, एकटं उभं राहील.

पत्र मी लिहिते आहे म्हणजे सांगते आहे. अक्षर मला आलं नाही हे तुला ठाऊकच आहे. लिहिणारी तुझी सासू. फोनवर आपण तिघी नुसत्या रडतो आणि बॅटरी संपते. कागदावर रडायचं तर आधी शब्द शोधावा लागतो, तेवढ्यात माणूस सावरतं.

तुझ्या आईनं तुझ्या सासऱ्याला, यशवंताला, सांगितलं की रेडिओवाले तुला नाताळच्या सकाळच्या कार्यक्रमाला बोलावताहेत, पंधरा तारखेपासून, आणि तू नाही म्हणालीस. तू गेली नाहीस तर सकाळची वेळ कायमची दुसऱ्या कुणाला देणार, असंही कळलं. पाच वर्षं तू आणि माझ्या नातवानं, प्रणवनं, मिळून रेडिओवरून देवासला उठवलंत. अश्विनात डेंग्यूनं त्याला नेलं, तेव्हापासून तू माहेरी दार लावून बसली आहेस. मी विचारते ते एवढंच: तुला स्वतःला नकोय, की आम्हाला काय वाटेल म्हणून नकोय? खरं लिही. मला वाचता येत नाही, पण खोटं ऐकू येतं.

हा शेवटचा प्रश्न अल्पनानं गाळला होता. मी सगळं परत वाचून घेते, म्हणून सापडला.

लोभ आहेच, आणखी वाढवायला जागा सापडली तर कळवीन.

दुर्गाआजी


देवास, ३ डिसेंबर

ती. स्व. आजींच्या चरणी मेधाचा शिरसाष्टांग नमस्कार. आईंना आणि बाबांनाही.

माझी शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे मराठी लिहिताना हात अडखळतो. चुका दिसतील त्या आईंनी वाचतानाच दुरुस्त कराव्यात.

आजी, मला जायचंय. रोज पहाटे पाचला जाग येते आणि अंथरुणातच तोंडातून 'सुप्रभात देवास' निघतं, मग आठवतं. पण तेराव्याच्या दिवशी आई म्हणाल्या होत्या की या घरात वर्षभर कुठलाही सण होणार नाही. दिवाळीत आपण पणती लावली नाही. आणि हा कार्यक्रम म्हणजे नुसता सणच आहे. चर्चची मुलं येऊन गातात, बायका केकची रेसिपी विचारतात, आणि हसणं तर आमचं कामच. आई म्हणाल्याशिवाय मी माइकसमोर बसणार नाही. माझा नवरा गेला, पण त्यांचा एकुलता मुलगा गेला. हे पत्र त्याच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, म्हणून त्यांनाच लिहिल्यासारखं लिहिते.

दुसरी भीती सांता भियाची. तुमच्यापर्यंत तो कितपत पोचला माहीत नाही. प्रणव दर डिसेंबरात मुलांचा सांताक्लॉज दादा व्हायचा, रेडिओवर आवाज जाड करून माळवीत बोलायचा, की मी सांता भिया, धारहून निघालोय, पण हरणं वाटेत घाटाबिल्लोदला चहाला थांबली आहेत. मुलं फोन करून विचारायची, भिया निघाले का. यंदाही विचारतील. मी काय सांगू? आणि समजा सांगता सांगता मला हसू आलं तर?

तुमची माया अशीच राहू दे, मला सध्या तिची फार गरज आहे.

मेधा


धार, ७ डिसेंबर

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अल्पनानं वीजबिल वाचावं तसं वाचलं, सपाट. 'एकुलता मुलगा' आलं तशी उठून पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा म्हणाली की तहान नव्हती.

मग मी बळवंतरावांना बोलावलं. माझे चुलत दीर, राममंदिरात पूजा करतात, शास्त्र त्यांना विचारायचं. मी विचारलं की वर्षाच्या आत सण करायचा नाही, कबूल, पण नाताळ आपला सण आहे का? त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, शास्त्रात नाताळचा उल्लेख कुठे आढळत नाही. मी म्हटलं, जे आपलं नाहीच ते वर्ज्य कसं होणार? ते म्हणाले, होत नाही. चहा पिऊन, शेवेची बशी संपवून गेले.

मला वाटलं, जिंकलं. अल्पनानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली की पुढचं पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. केक, गाणी, हसणं हा सण नाही तर काय, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तुझं भांडण सणाशी नाही. तेव्हा ती म्हणाली की रेडिओवर सकाळ त्याच्यावाचून झाली, लोकांनी ती ऐकली आणि चहा घेतला, तर मग तो कुठे उरला? आता कार्यक्रम बंद आहे तोवर निदान देवासमध्ये त्याची जागा रिकामी दिसते.

मी एवढंच म्हटलं की ती जागा रिकामी राहणारच नाही, रेडिओवाले मेधाला घालवून दुसरं कुणी आणणार आहेत.

दोन दिवस पत्र तसंच पडून होतं. आज दुपारी भाजी निवडून झाल्यावर ती आपणहून कागद घेऊन बसली. खालची ओळ माझी नाही, तिची आहे, मला फक्त वाचून दाखवली.

मेधा, जा. पण सांता भियाचा आवाज दुसऱ्या कुणाला काढू देऊ नकोस.

बस, एवढंच म्हणाली. आता मी पुढे काही सांगितलं तर ते उष्टं वाटेल. दूध घेत जा, घसा जप.

आशीर्वादाला काटकसर नाही, हवे तेवढे घे.

दुर्गाआजी


देवास, १२ डिसेंबर

ती. स्व. आजी आणि ती. आई, दोघींना नमस्कार.

आईंची ओळ मी उशीखाली ठेवली आहे. सोमवारी, पंधरा तारखेला सकाळी सात ते नऊ. आपला रेडिओ धारपर्यंत पोचत नाही, म्हणून बाबांच्या फोनवर त्याचं ॲप टाकायला लावलंय. कसं लावायचं ते त्यांना समजावलंय.

काल स्टुडिओत जाऊन आले. दोन खुर्च्या आहेत. एक काढू का असं त्यांनी विचारलं, मी राहू द्या म्हटलं. माइक लावून पाहिला. पहिल्या दिवशी कुकरमधल्या केकची रेसिपी सांगणार आहे, म्हणजे बोलायला काहीतरी हातात असेल. मुलांनी विचारलं तर खरं तेच सांगायचं ठरवलंय.

ऐकाल ना? नाही ऐकलंत तरी मला समजेल.

तुमच्या मायेवरच उभी आहे.

मेधा


धार, १६ डिसेंबर

चि. मेधा हिस आशीर्वाद.

ऐकलं. आता जसं घडलं तसं सांगते, आणि अल्पनाला बजावलंय की एक शब्द गोड करायचा नाही.

यशवंतानं फोन माझ्या पाटाशी ठेवला. तुझा आवाज आला, जरा बसलेला, पण तुझाच. पोरांची गाणी झाली. मग त्या लहान मुलीनं फोन करून सांता भिया कुठे म्हणून विचारलं. इथे आम्ही तिघं फोनकडे सरकलो. तू म्हणालीस की सांता भिया म्हणजे माझे प्रणव, ते आता नाहीत, आणि तुला भियांकडून जे हवं होतं ते मला सांग. ती म्हणाली की काही नको, तुम्ही रडू नका. तिथवर मी ठीक होते. डोळे पुसत होते, पण ठीक.

मग त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. तुझी रेसिपी अर्धीच ऐकून त्यांनी केक कुकरमध्ये शिट्टी न काढताच चढवला, तो फुगून झाकणाला असा धरला की नवरा छिन्नी घेऊन बसलाय आणि कुकरच अडकल्यामुळे कामावर डबा न घेता जातो म्हणतोय. आणि तू हसलीस. नाटकी नाही. आतून, मोकळी, पूर्वीसारखी.

मेधा, मला राग आला. मीच तुला पाठवलं, बळवंतरावांना शेव खाऊ घालून शास्त्र वाकवलं, तुझ्या सासूशी भांडले. आणि तू हसलीस तशी वाटलं, अजून तीन महिने पुरते गेले नाहीत, हिला हसू येतं कसं? मी यशवंताला म्हटलं, बंद कर ते. त्याचा हात पुढे झालाही होता. अल्पनानं फोन उचलला, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. नऊ वाजेपर्यंत बाहेर आली नाही. मी दाराबाहेर बसून राहिले. आत ती हुंदके देत होती, मला स्वच्छ ऐकू आलं. वाटलं, मीच हे सगळं सुरू केलं आणि आता तिला सोसायला लागतंय.

आज सकाळी मात्र तिनंच सातच्या आधी फोनवर रेडिओ लावला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. मी बंद कर म्हटलं नाही. राग अजून आहे. तो तुझ्यावर नाही, पण ज्याच्यावर करायचा तो सापडत नाही, म्हणून तूर्त तुझ्या दाराशी ठेवते. तू हस. मी रागावून ऐकेन. पंचवीस तारखेपर्यंत रोज.

लोभात उणं काही नाही, फक्त आवाज चढला आहे.

दुर्गाआजी

मेधा, वरचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. हे दाखवणार नाही. काल कडी लावून आत ऐकत होते तेव्हा त्या कुकरच्या बाई पुन्हा फोनवर आल्या, केक निघाला पण कुकरचा तळ त्याच्याबरोबर आला म्हणाल्या. मला हसू फुटलं. प्रणव गेल्यापासून पहिल्यांदा. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरला. सासूबाईंना वाटलं मी रडते आहे. नंतर रडलेही, पण आधी हसले. त्यांना तसंच वाटू दे.

तुझी आई,
अल्पना